झोपून राहण्याचं काम

४ फेब्रुवारी, मंगळवार

निवड झाली! सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडली तेव्हा मी दाढी करत होतो. हनुवटीला ब्लेड लागलं. कापूस धरूनच बाहेर आलो. तंत्रज्ञान आणि नवउद्योग परिषदेत आम्हाला स्टॉल मिळाला आहे, आणि दुसऱ्या दिवशी मंचावर बोलायची संधीही. स्टॉल कोपऱ्यात आहे, स्वच्छतागृहाशेजारी. सूनबाईचा चेहरा जरा उतरला. मी म्हटलं, "वेडी आहेस का? तिथे प्रत्येकाला एकदा तरी यावंच लागतं." मी सारा जन्म पंखे विकले. माणसांचा ओघ कुठून वाहतो, हे मला कळतं.

आमची वस्तू म्हणजे एक पातळ गादी. नेहमीच्या गादीवर, चादरीच्या खाली घालायची. अंथरुणाला खिळलेला माणूस एकाच अंगावर फार वेळ पडून राहिला की तिथलं रक्त अडतं, कातडी जाते, जखमा होतात. ही गादी ते आधीच ओळखते आणि पलंगाला लावलेला बझर वाजवते. म्हणजे, या आणि कूस बदला. म्हणून तिचं नाव 'कूस'. मी 'मेडी-टर्न सुप्रीम' सुचवलं होतं. सूनबाई म्हणाली, "बाबा, पंख्याचं नाव वाटतंय."

आमची ही शेवटचं दीड वर्ष अंथरुणावर होती. (बायकोला संसारभर 'अगं' म्हणूनच हाक मारली. डायरीतसुद्धा नाव लिहायला हात उचलत नाही.) उजवं अंग गेलं होतं, डावा हात तेवढा चालायचा. पाठीला, खुब्याला जखमा झाल्या. सूनबाई तेव्हा कपडे धुण्याच्या यंत्रांची सर्किटं बनवणाऱ्या कंपनीत होती. तिनं घरीच पहिली कूस तयार केली आणि हिच्याखाली घातली. पण ती काही नीट चालली नाही. कधीमधी वाजायची, बहुतेक वेळ मुकी. सूनबाई ऑफिसातून आली की कूसचं पोट उघडून बसायची. ही गेली, तरी सूनबाईनं कूस सोडली नाही. नोकरी सोडली.

मी मात्र म्हणेन, ही फार सोशिक. कधी तक्रार नाही. मी रोज सकाळी दारातून विचारायचो, "बरं आहे ना?" ती म्हणायची, "बरं आहे."

रात्री जेवताना चिरंजीवांना बातमी सांगितली. "छान," म्हणाला आणि ताट उचलून आत गेला. बायकोचं कौतुक करताना पुरुषाची जीभ जड होते हे मी समजू शकतो, पण इतकी?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

स्टॉलवर पेशंट लागणार. नर्सिंग कॉलेजातून एक पुतळा मागवला होता, तो आज आला. आतून पोकळ. आपल्या अंगावर कुणी आहे हे कूसला कळेचना. सूनबाईनं त्याच्या पोटात पाण्याच्या बाटल्या भरल्या, वाळूच्या पिशव्या बांधल्या. कूसनं फक्त बाटल्या ओळखल्या.

मग सूनबाई माझ्याकडे बघायला लागली. मी वर्तमानपत्र वर धरलं.

"बाबा, तुमचं वजन अगदी हवं तेवढं आहे."

"मी बोलणार आहे स्टॉलवर. माल मी विकतो."

"बोलायला मी आहे. तुम्ही फक्त झोपा."

नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! ज्या माणसानं कडाक्याच्या थंडीत पंखे विकून दाखवले, त्याला सांगायचं की तोंड मिटून पड. तासभर मी कुणाशी बोललो नाही. मग वाटलं, दुसरं कोण आहे तिला? चिरंजीव तर कूस ठेवलेल्या खोलीत पाऊलही टाकत नाही. मी एका अटीवर कबूल झालो, की टाय लावीन. सूनबाई म्हणाली, टाय लावून कुणी आजारी पडत नाही. शेवटी इस्त्रीच्या शर्टावर तडजोड झाली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज सभागृहात सामान लावलं. पलंग दारातून आत जाईना. दोन सुरक्षारक्षक, एक सुतार आणि गळ्यात तीन-तीन ओळखपत्रं लटकवलेला एक संयोजक, असे चौघं चार तऱ्हेचे सल्ले देत होते. अखेर पाय सोडवून पलंग आडवा आत नेला. शेजारच्या स्टॉलवर दोन पोरं आहेत. त्यांचा रोबो खिडक्या पुसतो. काचेवर पालीसारखा चढतो आणि मध्येच विचारात पडल्यासारखा थांबतो. मी त्यांना 'काचवाले' असं नाव ठेवलं आहे.

गाडी चिरंजीवांनी आणली. पलंग उतरवून दिला, पण दारापाशीच थांबला.

"आत येऊन बघ तरी," मी म्हटलं.

"तुम्ही लावा, बाबा. मी गाडीत बसतो."

"अरे, एवढी तुझी बायको राबतेय..."

"माहितेय मला. मला तो पलंग लावलेला बघायचा नाही, बस."

नवा कोरा भाड्याचा पलंग. त्यात न बघण्यासारखं काय आहे? सूनबाईला म्हटलं, तुझा नवरा तुझ्यावर जळतो. ती वायरी सोडवत होती, वर न बघता म्हणाली, "तसं नाहीये ते, बाबा." नवऱ्याची बाजू घेणारच ती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

परिषद म्हणजे काय, हे आडवं पडून जेवढं दिसलं तेवढं लिहितो.

छत फार उंच आहे आणि त्याला एकही पंखा नाही. सगळा गारवा नळकांड्यांतून येतो. माणसं हनुवटीकडून दिसतात. मोठमोठ्या माणसांनाही नाकपुड्या असतात, आणि त्या आतून सगळ्यांच्या सारख्याच. भाषणांचे तुकडे कानावर पडत होते. "जग बदलायचं असेल तर", "अपयश साजरं करा", "माझ्या गॅरेजमध्ये". टाळ्या झाल्या की माझ्या पलंगाला सूक्ष्म कंप सुटायचा.

गर्दी माझ्या अंदाजाप्रमाणे भरपूर झाली. स्वच्छतागृहाकडे जाणारा प्रत्येकजण थबकायचा. सूनबाई छान बोलते, हे मान्य केलं पाहिजे. घाई नाही, भपका नाही. मी असतो तर एव्हाना दोन विनोद केले असते.

पण एक गंमत झाली. आडव्या माणसाशी कुणी बोलत नाही. त्याच्यावरून बोलतात. एक बाई सूनबाईला विचारती झाली, "यांना ऐकू येतं का?" सूनबाई म्हणाली, "त्यांनाच विचारा ना." बाई हसली, पण विचारलं काही नाही. हाडांचे एक डॉक्टर आले, विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन. माझ्या खुब्यावर पेन टेकवून म्हणाले, "हा एक पॉइंट, हा एक." पोरांनी लिहून घेतलं. एका गृहस्थांनी फोन आल्यावर कॉफीचा कप माझ्या गुडघ्यांशी ठेवला आणि लांब जाऊन बोलत बसले. कप कलंडेल म्हणून मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. उठून चांगलं खडसावता आलं असतं. पण पेशंटनं उठायचं नाही, असं ठरलेलं.

एक मुलगी तेवढी वाकून म्हणाली, "आजोबा, बरं वाटतंय ना?" तेव्हा माझा उजवा खुबा बधिर होऊन मुंग्या आल्या होत्या. मी म्हटलं, "बरं आहे." का म्हटलं कोण जाणे. तोंडातून निघून गेलं.

आता बझरबद्दल. प्रदर्शनासाठी सूनबाईनं वेळ कमी करून ठेवली आहे. तासाऐवजी काही मिनिटांतच तो वाजतो. आणि काय वाजतो! रस्त्यात गाडीला धक्का लागल्यावर बोंबलते तसा. सगळा कोपरा वळून बघतो. सूनबाईचं बोलणं अर्ध्यात तुटतं, ती धावत येते, मला वळवते, लोकांना "सॉरी हं" म्हणते. सुरुवातीला मजा वाटली. मग वाटायला लागलं, झालं, आता पुन्हा वाजणार, पुन्हा तिला यावं लागणार. काचवाल्यांपैकी एकानं गमतीनं कानात बोटं घातली. ती गंमत मला आवडली नाही.

दुपारी गुंतवणूकदार बाई आल्या. सकाळपासून सूनबाईचे डोळे त्यांच्या वाटेकडे लागले होते. पांढरे केस, साधा कोट, थोडं बोलणं. सूनबाईनं विषयाला हात घातला आणि बझर केकाटला. ती मला वळवून परत जाईपर्यंत बाईंनी घड्याळ पाहिलं आणि "उद्या मंचावर ऐकते" म्हणून निघून गेल्या.

मी मनात म्हटलं, आता वाजू द्यायचा नाही. आणि मला युक्ती सापडली. वाजायच्या जरा आधी अंगाखाली एक बारीक टिक् होते. ती जाणवली की पलंगाचा दांडा धरायचा आणि कंबर जराशी उचलून पुन्हा टेकवायची. कुणाला दिसतही नाही. बझर गप्प! बाकीची दुपार शांततेत गेली. सूनबाईला सलग बोलता आलं. काचवाले खूश. मीही खूश. खुबा ठणकत होता, पण धंद्यात एवढं चालायचंच.

संध्याकाळी सूनबाईनं लॅपटॉपवर दिवसभराची नोंद उघडली आणि बघत राहिली.

"बाबा, दुपारनंतर एकदाही वाजला नाही हा."

"वाजू दिला नाही," मी ऐटीत म्हटलं आणि युक्ती सांगितली.

"पण का?"

"अगं, कशाला उगाच सगळ्यांना त्रास? तू कामात होतीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग लॅपटॉप तसाच उघडा टाकून बाहेर निघून गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, हॉलमध्ये धूळ फार आहे. आकडे बिघडवले म्हणून रागावली असणार.  मला विचारायला हवं होतं तिला, हे खरं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

फार मोठा दिवस. सगळं लिहून होईल असं वाटत नाही.

सकाळी उठलो तर सूनबाई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलेली, अंगावर कालचेच कपडे. शेजारी चिरंजीव, हात बांधून, पडद्याकडे टक लावून. मी बसलो. तो उठला आणि खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

"बाबा," सूनबाई म्हणाली, "काल तुम्ही जे केलंत ते मी आधी पाहिलंय."

"कुठे?"

"आईंच्या नोंदींत. वाजायच्या जरा आधी एक बारीक झटका. दर वेळी. मला वाटायचं, सेन्सर खराब आहे. किती सेन्सर बदलले मी! किती वेळा सगळं उसवून पुन्हा जोडलं! सेन्सर चांगले होते, बाबा. आई हलत होत्या. डाव्या हातानं दांडा धरून, जराशा. बझर गप्प बसेल एवढ्याच. रक्त मोकळं होईल एवढ्या नाही."

मी टोस्टला लोणी लावत होतो. लावतच राहिलो.

"ती कशाला असं करेल?"

"तुम्ही काल कशाला केलंत?"

मी म्हटलं, माझी गोष्ट वेगळी, मी धंद्यासाठी केलं.  चिरंजीव खिडकीपाशीच उभं राहून म्हणाला, "तिला वाटायचं, मी झोपलोय. मी जागाच असायचो. बझरची वाट बघत." आणि बाथरूममध्ये गेला. नळ बराच वेळ वाहत होता.

त्याचं बोलणं मला नीटसं कळलं नाही. रात्री हिच्याजवळ नर्स असायची ना?

मग सूनबाईनं ठरवलेलं सांगितलं. बझर काढून टाकायचा. पेशंटला काही ऐकू यायला नको, काही कळायला नको. इशारा जाईल तो पेशंटची काळजी घेणाऱ्याच्या खिशातल्या फोनला. फोन नुसता थरथरेल. आणि हे सगळं ती आज मंचावर सांगणार, चूक कुठे झाली त्यासकट.

मी हादरलोच. "अगं, दुकानात उभं राहून आपल्याच मालाची खोट सांगायची? पंख्याचं पातं वाकडं असेल तर आपण वारा दाखवतो, पातं नाही."

"बाबा, वारा लागला नाही म्हणून तर आईंना जखमा झाल्या."

 तिनं नखं कापायच्या कात्रीनं बझरची वायर कापली. मी बझर कोटाच्या खिशात टाकला. का, ते माहीत नाही.

दुपारी मला पलंगासकट मंचावर ढकलत नेलं. समोर अंधार, त्यात डोकी. माझ्यावर असा झगझगीत उजेड की मासळीबाजारातला मासा झाल्यासारखं वाटलं. सूनबाई माइक घेऊन पुढे झाली. ती म्हणाली, "मी एक यंत्र बनवलं. ते माझ्या सासूबाईंसाठी होतं. मला वाटलं, ते बिघडलंय. काल कळलं, ते बिघडलं नव्हतं. ते ओरडत होतं, आणि त्या ओरडण्याची एका आजारी बाईला लाज वाटत होती."

 तिनं सगळं सांगितलं. माझी कालची युक्तीसुद्धा. लोक हसले. मग हसायचं थांबले.

मग ती माझ्याकडे वळली. हे आमचं ठरलेलं नव्हतं.

"बाबा, कसं वाटतंय?"

"बरं आहे," मी म्हटलं.

ती तशीच थांबली. माइक माझ्या तोंडाशी. एवढ्या माणसांसमोर मी कधी बोललो नव्हतो आणि माझ्या डोक्यात एकही विनोद येईना. "नाही," मी म्हटलं, "उजवा खुबा दुखतोय. कालपासून दुखतोय. आणि तहान लागलीय."

तेवढ्यात समोरच्या अंधारात कुणीतरी उठलं. पायऱ्यांवर अडखळलं. वायरीत पाय गुंतला तो सोडवला. चिरंजीव! हातातला फोन थरथरत होता. तो इथे येणार आहे हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. त्यानं लोकांकडे बघितलं नाही, सूनबाईकडेही नाही. बाह्या वर सारल्या, एक हात माझ्या खांद्याखाली, एक गुडघ्यांमागे. "बाबा, अंग सैल सोडा. मी आहे," म्हणाला आणि मला डाव्या कुशीवर वळवलं. पाठीशी उशी टेकवली. चादरीची सुरकुती हातानं सपाट केली. मग पाण्याचा ग्लास तोंडाशी धरला. सांडू नये म्हणून दुसरा हात हनुवटीखाली.

इतक्या सफाईनं! हे तो कुठे शिकला? रात्रीची नर्स हे सगळं करते असं माझ्या डोक्यात होतं. आज आठवून पाहिलं तर त्या नर्सचा चेहरा आठवत नाही. बहुतेक मी तिला कधी पाहिलीच नाही.

टाळ्या झाल्या की नाही, मला सांगता येणार नाही. मी डाव्या कुशीवर होतो आणि मला फक्त मुलाचा शर्ट दिसत होता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बक्षीस मिळालं नाही. पहिलं बक्षीस हवेतून पाणी काढणाऱ्या यंत्राला, दुसरं काचवाल्यांना. ते दोघं येऊन सूनबाईच्या पाया पडतील की काय इतके लाजले होते. एकानं माझा हात धरून सांगितलं, "काका, आमची आजी झोपून आहे. मी आज घरी जाऊन तिला विचारणार आहे."

"काय विचारणार?" मी म्हटलं.

"तेच. आणि थांबणार. तुमच्या सुनेसारखा."

गुंतवणूकदार बाई आल्या. सूनबाईला म्हणाल्या, "तुमची वस्तू अजून तयार नाही, हे तुम्हीच सांगितलंत. तयार झाली की या." सूनबाईचे खांदे पडले. मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, साऱ्या हयातीत मी हजार तऱ्हांनी 'नाही' ऐकलं आहे. 'विचार करून सांगतो' म्हणजे नाही. 'कार्ड ठेवून जा' म्हणजे नाही. 'तयार झाली की या' म्हणजे या! या एका बाबतीत माझ्यावर विश्वास ठेव. ती हसली. कित्येक दिवसांनी.

सामान आवरताना एक ठेंगण्या मेट्रनबाई आल्या. शहराबाहेर वृद्धांचा आश्रम आहे, तिथे अंथरुणावरचे पुष्कळजण. त्यांनी सूनबाईला काही विचारलं नाही, सरळ कूसवर हात दाबून बघितला. म्हणाल्या, "आमच्याकडे सगळेच 'बरं आहे' म्हणतात हो. मी फेरी मारते, विचारते, 'बरं आहे', पुढचा पलंग. थोड्या गाद्या द्याल का वापरून बघायला? नीट चालल्या नाहीत तर तसं सांगीन."

"नीट चालल्या नाहीत तर तसंच सांगा," सूनबाई म्हणाली.

मेट्रनबाई माझ्याकडे वळल्या. "आणि हे आजोबा पण पाठवा. आमच्या लोकांना कोट घातलेल्या माणसांचा कंटाळा आलाय."

पलंग चिरंजीवांनी सोडवला. एकट्यानं. सुतारालाही हात लावू दिला नाही.

२ मार्च, रविवार

दोन आठवडे लिहायला फुरसत नाही. घराचा कारखाना झाला आहे. जेवणाच्या टेबलावर वायरी, सोफ्यावर कापड. मी शिवणयंत्रावर गाद्यांच्या कडा मारतो. पहिली कड गेली ती सरळ माझ्या बाहीला शिवली.

काल चिरंजीव म्हणाला, "इथे जागा पुरत नाही. आईची खोली उघडूया." ही गेल्यापासून ती बंदच होती. त्यानंच कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, फरशी पुसली. आम्ही दोघं दारात उभे. मग त्यानं टेबल भिंतीशी लावलं, दिवा ओढून घेतला आणि सूनबाईला म्हणाला, "सोल्डरिंग मी करतो. तुझे सांधे ओबडधोबड असतात."

"ओबडधोबड?" सूनबाई म्हणाली. "कंपनीत माझे सांधे दाखवायला न्यायचे!"

"मग कंपनी बुडेल आता."

दुपारभर दोघं भांडत होते. घरात इतकं छान बरेच दिवसांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी चिरंजीव मला म्हणाला, "बाबा, तुम्हाला उजव्या कुशीवर झोप लागत नाही ना? मंचावर कळलं मला." मी म्हटलं, नाही लागत. कधीच नाही लागत. हे आजवर कुणाला सांगायची वेळ आली नव्हती. त्यानं मान हलवली आणि पुन्हा कामाला लागला. मला उगाच भरून आलं. वय झालं, दुसरं काय.

११ मार्च, मंगळवार

आज आश्रमात पहिल्या गाद्या घातल्या. चिरंजीवांनी आम्हाला सोडलं आणि गाडी लावायला गेला. सूनबाई मेट्रनबाईंबरोबर फोन जोडत बसली. मला एका खोलीत पाठवलं.

पलंगावर एक दांडगे गृहस्थ, भिंतीकडे तोंड. पूर्वी बसचे ड्रायव्हर होते. इथे सगळे त्यांना 'पायलट' म्हणतात. कंबरेखालचं अंग गेलं आहे. नर्सनं सांगितलं, महिनोन्महिने कुणाशी फारसं बोलत नाहीत, रागावतही नाहीत. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "डॉक्टर का?"

"नाही हो. मी झोपून दाखवतो."

मान थोडी वळली. "काय करता?"

"या गादीवर झोपून दाखवतो. तेच माझं काम."

"पगार देतात?"

"अजून नाही."

त्यांच्या घशातून काहीतरी आवाज आला. हसू असावं. मी पलंगाच्या कडेला बसलो. ठरल्याप्रमाणे विचारलं, "कसं वाटतंय?"

"बरं आहे."

मी थांबलो. सूनबाईसारखा. थांबणं फार अवघड असतं. विकणाऱ्या माणसाला तर फारच. दोघं भिंतीवरचा पोपडा बघत राहिलो.

"भिंत बघून कंटाळा आलाय," शेवटी ते म्हणाले.

थोड्या वेळानं नर्स आली. हातात फोन थरथरत होता. कुठे आवाज नाही, धावपळ नाही. "चला पायलट, त्या बाजूला," म्हणाली आणि आम्ही दोघांनी मिळून त्यांना वळवलं. मी खांदा धरला. चिरंजीवांनी घरी शिकवलं होतं तसं, अंग सैल सोडा म्हटलं. त्यांचं तोंड खिडकीकडे आलं. पलंग खिडकीला लागूनच होता, त्यामुळे खालचं सगळं आवार दिसत होतं.

ते बघत राहिले. मग भिवया चढल्या.

"ती निळी गाडी कुणाची?"

"आमची."

"कोण गाढव चालवतो?"

"माझा मुलगा."

"अँब्युलन्सच्या वाटेत लावलीय. वळायची कशी अँब्युलन्स? सांगा त्याला, मागे घे म्हणावं. भिंतीला लागून. आत्ताच्या आत्ता!"

मी खाली गेलो. चिरंजीव बॉनेटला टेकून उभा होता. म्हटलं, गाडी मागे घे. "इथे काय झालं?" म्हणाला. मी वर बोट दाखवलं. खिडकीतून एक जाडजूड हात बाहेर आला होता आणि बोटं जोरजोरात हलवत होता. चिरंजीवांनी एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मुकाट्यानं गाडीत बसला.

वरून भरदार आवाज आला. सगळं आवार दणाणलं, शेजारच्या खिडक्यांतून तोंडं डोकावली, मेट्रनबाई धावत बाहेर आल्या.

"येऊ दे! येऊ दे... डावीकडे स्टेअरिंग कापा... अजून... अजून... बस!"